चौकोनी एक्सल, ११३ मिलिमीटर: जुन्या सायकलचा बीबी बदलताना

नवीन क्रँक (पायडल जोडलेला दांडा) बसवायचा म्हटलं की बहुतेक जण आधी क्रँक पसंत करतात आणि मग त्याला बसेल असा बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दोन्ही क्रँक जोडणारा एक्सल आणि त्याची बेअरिंग) शोधत फिरतात. मी उलट बाजूने निघालो. मागच्या चाकापासून मोजत मोजत पुढे आलो आणि एक्सलची लांबी काय हवी ते ठरल्यावरच खिशात हात घातला.

सायकल जुनी, लोखंडी फ्रेमची माउंटन बाइक. मागे सात गिअर, पुढे तीन चेनव्हील, तीही क्रँकला रिव्हेट मारून जोडलेली, म्हणजे एक झिजलं की सगळंच फेका. पुण्यात रोज ऑफिसला आणि रविवारी खडकवासल्यापर्यंत जाताना मी मधल्या चेनव्हीलवरून कधी हललोच नाही. तेव्हा पुढे ३८ दात्यांचं एकच चेनव्हील ठेवायचं, पुढचा डिरेलर (चेन एका चेनव्हीलवरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग) काढून टाकायचा आणि त्यानिमित्ताने करकरणारा बीबीही बदलायचा, असं ठरवलं.

दुकानात विचारलं तर उत्तर तयार होतं: "एकशे बावीसचा टाका, सगळ्यांना बसतो." बसतो, यात वाद नाही. पण बसणं वेगळं आणि चेन सरळ चालणं वेगळं.

काढण्यापासून सुरुवात केली. आपल्याकडच्या काळ्या सायकलींना कॉटर पिन असायची. तिरकी घासलेली, हातोडीने ठोकून बसवायची आणि हातोडीनेच काढायची. त्या सवयीने काही मिस्त्री चौकोनी टोकांच्या एक्सलवर बसणाऱ्या क्रँकवरही हातोडीच चालवतात. त्याला पुलर, म्हणजे क्रँक ओढून काढायचं अवजार, लागतो. आधी १४ नंबरच्या सॉकेटने बोल्ट काढायचा, खालचं वायसर आत राहिलं नाही ना ते बघायचं, मग पुलरचे २२ मिलिमीटरचे आटे क्रँकमध्ये हाताने पूर्ण आत जाईपर्यंत फिरवायचे. अर्धवट आटे पकडले असताना जोर लावला तर ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे पुलरबरोबर बाहेर येतात, आणि मग तो क्रँक काढायचा सोपा मार्ग उरत नाही.

डावा कप, म्हणजे छरे ज्यात फिरतात ती आट्यांची वाटी, सैल करून एक्सल बाहेर ओढला. पाव इंची छरे, सुट्टे असतील तर एका बाजूला अकरा. माझ्याकडे ते पिंजऱ्यात होते, म्हणजे पिंजऱ्याचं जे काही उरलं होतं त्यात. डाव्या बाजूचं ग्रीस जाऊन तिथे तपकिरी चिखल झाला होता, आणि एक्सलवर छरे फिरतात त्या पट्ट्यात नखाला लागतील असे खड्डे पडले होते. पावसाळ्यात सीटपोस्टच्या बाजूने पाणी नळीत उतरतं आणि शेवटी बीबीच्या शेलमध्येच, म्हणजे बीबी बसतो त्या फ्रेमच्या आडव्या नळीतच, साठतं. शेलच्या तळाला निचऱ्याचं भोक असेल तर ते मोकळं आहे ना, हे जून लागण्याआधी एकदा तारेने तपासावं.

खरी गंमत उजव्या कपाची. इंग्लिश पद्धतीच्या बीबीत उजवीकडचे आटे उलटे असतात. पायडल मारताना छरे कपाच्या आतून लोळतात आणि कपाला एक्सलच्या विरुद्ध दिशेने हळूहळू सरकवायला बघतात. सुलटे आटे असते तर उजवा कप चालता चालता सुटला असता. इटालियन फ्रेममध्ये दोन्हीकडे सुलटेच आटे असतात आणि त्यांचा उजवा कप सुटतो ही तक्रार जगभर ऐकू येते. माझा कप मात्र वर्षानुवर्षांच्या गंजाने जणू वेल्डिंग केल्यासारखा बसला होता. त्याला पाना पकडायला दोन पातळ सपाट कडा, त्याही गोल झालेल्या.

त्यावर एक जुना उपाय आहे, आणि तो इतका सुबक आहे की मला तो वापरायची संधी मिळाली याचाच आनंद झाला. बोहरी आळीतून १६ मिलिमीटरचा लांब बोल्ट, नट आणि जाड वायसर आणले. बोल्ट शेलच्या आतून कपाच्या भोकातून बाहेर काढायचा, कपाच्या आतबाहेर वायसर, बाहेरून नट. आता नट घड्याळाच्या दिशेने आवळत जायचं. आधी नट कपाला घट्ट चावतो. त्यापुढेही आवळत राहिलं की कप फिरू लागतो, आणि उलट्या आट्यांचा कप घड्याळाच्या दिशेनेच सुटतो! म्हणजे नट आवळायची आणि कप उघडायची दिशा एकच. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. लांब पान्यावर वजन टाकल्यावर एक 'टक्' आवाज आला आणि पुढचं काम हाताने झालं.

निघालेल्या कपावर १.३७ × २४ असा शिक्का होता: व्यास १.३७ इंच, इंचाला २४ आटे. हेच बीएसए माप, बर्मिंगहॅमच्या त्या बंदुका करणाऱ्या कंपनीच्या नावावरून आलेलं. शेलची रुंदी व्हर्नियरवर ६८ मिलिमीटर भरली. माउंटन बाइकमध्ये ती ७३ही असते, आणि दोन्हींचे चौकोनी कार्ट्रिज (एक्सल आणि बेअरिंग एकत्र असलेला तयार बीबी) वेगवेगळे येतात. ७० भरली असती तर इटालियन असल्याचा संशय घ्यावा लागला असता, त्यांचे आटे ३६ मिलिमीटर व्यासाचे.

आता लांबी. चेनलाइन म्हणजे फ्रेमच्या मध्यापासून चेनव्हीलच्या दात्यांच्या मध्यापर्यंतचं अंतर. मागे आधी मोजलं: चाकाची बैठक १३५ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून ड्रॉपआउट (मागचं चाक अडकतं ती फ्रेमची खाच) ६७.५ वर. ड्रॉपआउटच्या आतल्या कडेपासून चौथ्या, म्हणजे मधल्या गिअरच्या दात्यापर्यंत २२. वजाबाकी ४५.५. मग जुना एक्सल आणि डावा कप तात्पुरते परत लावले, उजवीकडे ओळखीच्या एका मिस्त्रीकडून आणलेला जुना कप फिरवला आणि नवीन क्रँक हलक्या हाताने बसवला. सीटट्यूब २८.६ मिलिमीटरची, तिचा अर्धा भाग धरून चेनव्हीलपर्यंत मोजलं तर ५० आलं. जुन्या एक्सलची लांबी १२२.५.

साडेचार मिलिमीटर आत यायला हवं होतं. एक्सल दोन्हीकडे सारखा असेल तर लांबी जेवढी कमी कराल त्याच्या निम्मंच एका बाजूला सरकतं. नऊ कमी केले तर ११३.५. सहज मिळणाऱ्या मापांत ११०, ११३, ११५, ११८, १२२.५ वगैरे असतात. ११३ घेतला की चेनलाइन ४५.२५. पाव मिलिमीटरचा फरक चेनला कळतही नाही. घेण्याआधी एवढं पाहिलं की चेनव्हील पावणेपाच मिलिमीटर आत आल्यावर चेनस्टेला (बीबीकडून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला) घासणार नाही. ३८ दात्यांना जागा होती, ४४ दात्यांना नसती.

मित्र म्हणाला, चौकोनी एक्सल कशाला, आता चोवीस मिलिमीटरच्या पोकळ एक्सलचा जमाना आहे. माझ्या शेलमध्ये तोही बसला असता, बेअरिंग शेलच्या बाहेर असतात, आटे तेच. कडकपणा जास्त, वजन कमी, सगळं मान्य. पण त्यात एक्सल क्रँकलाच जोडलेला येतो, त्यामुळे चेनलाइन कंपनीने ठरवली ती ठरवली. फार तर चेनव्हीलच्या बैठकीत थोडं इकडेतिकडे करता येतं. चौकोनी एक्सलमध्ये लांबी निवडून चेनलाइन मी ठरवतो. जुन्या फ्रेमवर सातचं फ्रीव्हील ठेवून जगणाऱ्या माणसाला याहून मोठी सोय नाही. शिवाय पुढचं जग भलतंच पसरलंय. ३० मिलिमीटरचे एक्सल, २८.९९चे एक्सल, ४२, ४१, ४६ मिलिमीटरची दाबून बसवायची शेलं. आणि एवढं करून टी४७ नावाने बरेच जण पुन्हा आट्यांकडेच आले.

चौकोनातही एक मेख आहे. त्याची दोन मापं आहेत, जपानी जेआयएस आणि युरोपीय आयएसओ. दोन्हींचा उतार दोन अंशांचाच, पण आयएसओचं टोक थोडं बारीक. ऑफिसमधल्या एकाने जुना कॅम्पानोलोचा क्रँक देऊ केला होता, दिसायला देखणा. पण तो आयएसओ. जेआयएस एक्सलवर तो चारेक मिलिमीटर बाहेरच थांबला असता आणि पकडही अपुरी राहिली असती. हात जोडून परत केला.

बसवणं तसं चटकन झालं. शेलचे आटे टूथब्रश आणि डिझेलने घासले, आत उडालेला जुना रंग निघाला, भरपूर ग्रीस लावलं. कार्ट्रिजची कडा असलेली बाजू उजवीकडे, घड्याळाच्या उलट दिशेने, पहिले अनेक फेरे निव्वळ बोटांनी. बोटांनी जात नसेल तर आटे वाकडे पकडलेत, पान्याने जबरदस्ती करायची नाही. मग डावा कप सुलट्या दिशेने. शेवटी वीस खाचांच्या टूलने आवळायचं, ५० ते ७० न्यूटनमीटर.

टॉर्क रेंच माझ्याकडे नाही. सामानाच्या बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा आहे. पान्याच्या दांड्यावर मध्यापासून २५ सेंटिमीटरवर हुक अडकवून काटकोनात ओढायचं. २४ किलो दाखवलं की साधारण ५९ न्यूटनमीटर होतात. क्रँकच्या बोल्टला ३५ ते ५० हवेत, तिथे १६ किलोवर थांबलो. चौकोनावर ग्रीस लावावं की कोरडं बसवावं यावर सायकलवाल्यांत भांडणं होतात. मी पुसट हात फिरवला, बोल्टच्या आट्यांना मात्र नीट लावलं.

पहिल्या मोठ्या फेरीनंतर दोन्ही बोल्टवर पुन्हा काटा लावून बघितला. डावा किंचित फिरला, उजवा हललाही नाही. सैल डावा क्रँक तसाच चालवत राहिलं तर त्याचा चौकोन आतून गोल होतो आणि मग कितीही आवळा, तो परत सुटतोच. चेन आता मधल्या गिअरवर सरळ जाते. सर्वांत मोठ्या गिअरवर थोडी कुरकुरते, पण सिंहगडाच्या घाटात त्या गिअरवर असताना माझा श्वास तिच्यापेक्षा मोठ्याने वाजतो. कार्ट्रिज घ्याल तेव्हा डावा कप धातूचा मागा. स्वस्तातल्यांबरोबर प्लास्टिकचा येतो आणि पुढच्या वेळी काढताना त्याच्या खाचा टूलला पुरत नाहीत.