पहिल्या धारेचा रस

ऑस्ट्रेलियातल्या हंटर व्हॅलीत सेमिलॉन या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाची तोडणी पाऊस ठरवतो. जानेवारीअखेर पावसाचा अंदाज आला आणि ओढ्याकाठच्या वाळूतला जुना प्लॉट १०.३ बोमेलाच (रसातल्या साखरेचं इथलं माप) हातानं तोडला. नाशिककडच्या ब्रिक्समध्ये हे जेमतेम १८.५. बाहेरच्याला ही द्राक्षं कच्ची वाटतील, पण इथली रीतच ती: साडेदहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, भरपूर आम्लता, ओकचं पिंप नाही.

घोळ झाला प्रेसवर, म्हणजे रस काढायच्या दाबयंत्रावर. आख्खे घड भरले की रस आधी आपल्याच वजनानं गळतो, मग ०.२ ते ०.४ बारच्या हलक्या दाबानं. ही पहिली धार, तिची टाकी वेगळी. पुढं दाब वाढतो तसं सालींतलं पोटॅशियम उतरतं, पीएच चढतो, साली-बियांचा तुरट कडवटपणा येतो. धार कुठं तोडायची हे मशीन सांगत नाही. प्रत्येक टप्प्याला रस चाखायचा, पीएच बघायचा. रात्रपाळीच्या सहकाऱ्यानं प्रोग्राम ऑटोवर टाकला आणि १.२ बारपर्यंतचा सगळा रस एकाच टाकीत गेला. पहिल्या धारेचा पीएच ३.०२ होता, टाकीचा ३.१४ भरला. तो एकटाच तीन कामं सांभाळत होता. एवढ्या महागाच्या प्रेसशेजारी चाखायला एक माणूस जास्त ठेवत नाहीत, हे मला पटत नाही.

जेम्स बस्बींनी द्राक्षवेलींच्या काड्या युरोपातून सिडनीत आणल्या त्या १८३२ साली. पुढं हीच सेमिलॉन कितीतरी वर्षं 'हंटर रिव्हर रीस्लिंग' म्हणून विकली गेली. टिरेल्स वायनरीची 'व्हॅट १' ही सेमिलॉन १९६३पासूनची. तरुणपणी लिंबासारखी धारदार, दहा वर्षांनी भाजलेला पाव आणि मध. या चवीत ओकचा वाटा काहीच नाही, सगळं बाटलीतच घडतं. म्हणूनच तुरटपणा लपायला जागा नसते.

तुरट-कडवट घटक ओढून घेणाऱ्या पीव्हीपीपी पावडरीच्या चाचण्या घेतल्या: लिटरला ०.२, ०.४, ०.६ ग्रॅम. ०.२ला फरक नाही, ०.६ला लिंबाचा वासही गेला. ०.४वर थांबलो आणि टाकी लवकर प्यायच्या वाइनकडे वळवली.

आंबून झाल्यावर कडवटपणा कुणालाच सापडला नाही. पण या वयात सेमिलॉन काही बोलतच नाही. प्लॉट सगळ्यात जुना होता, त्यामुळे माझा निर्णय घाईचा झाला का, हे अजून सुटलेलं नाही. बारा बाटल्या बाजूला ठेवल्यात. पहिली पाचव्या वर्षी उघडायची.