वास नसलेलं फूल

मार्च सरत आला की तोक्योतल्या स्टेशनांवर साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा, फलक लागतो. ठिकाण, जवळचं स्टेशन आणि पुढे फुलांची खबर: कळ्या, अर्धा बहर, ‘मान्काई’ म्हणजे पूर्ण बहर, आणि मग गळायला सुरुवात. रेल्वेवाल्यांना फुलांचं एवढं काय, असं मला पहिल्या वर्षी वाटलं होतं. पण रविवारी ऑफिसं बंद, मग गाडीत बसणार कोण?

आई मुलुंडहून आली होती, तेव्हा तिला हा फलक फार आवडला. यासुकुनी देवळातल्या एका ठरलेल्या झाडावर पाच-सहा फुलं उमललेली दिसली की हवामान खातं तोक्योचा बहर जाहीर करतं, हे सांगितलं तर म्हणाली, "संकष्टीच्या चंद्रासारखंच की! दिसल्याशिवाय काही नाही."

निशी-कासाईहून तोझाई लाइनने वासेदा गाठलं, तिथून थोडं चालत ट्रामचा थांबा. एका डब्याची ट्राम, पुढून चढायचं, मागून उतरायचं. घंटेच्या आवाजावरून तिला ‘चिन चिन देन्शा’ म्हणतात. 2017 साली तिचं ‘तोक्यो साकुरा ट्राम’ असं नवं नामकरण झालं. जाहिरात करायची तर अशी, गाडीलाच फुलाचं नाव! पुढचाच थांबा ओमोकागेबाशी, खाली नदी. नदीचं नाव कांदा. आईला हसू आवरेना. पण पुलावरून वाकून पाहिलं आणि गप्प झाली. दोन्ही काठांच्या फांद्या पाण्यावर झुकलेल्या, आणि खाली पाकळ्यांचा फिकट गुलाबी तवंग संथ सरकत होता.

पुन्हा ट्राम धरून आसुकायामाला उतरलो. आठव्या शोगुनने, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याने, योशिमुनेने, 1720 च्या सुमारास सामान्य लोकांसाठी या टेकडीवर साकुरा लावले. आजही तिथे निळी ताडपत्री अंथरून माणसं डबे उघडून बसतात. आम्हीही बसलो, थालीपीठ आणि लोणी घेऊन. आईने पडलेलं एक फूल उचलून नाकाशी नेलं.

"अगं, ह्याला वासच नाही!"

"नाहीच गं."

"गजरा होत नाही, देवाला वाहायचं तर हात लावेपर्यंत पाकळ्या गळणार. फळ?"

"खाण्याजोगं नाही. सगळी कलमं आहेत, एकाच झाडाची. म्हणून तर एकदम फुलतात आणि एकदम गळतात."

"आपला हापूसही कलमाचाच. निदान आंबा तरी देतो," असं म्हणत तिने थालीपिठावर पडलेली पाकळी बोटाने अलगद बाजूला केली. टाकली मात्र नाही, डब्याच्या झाकणात ठेवली.

परतीच्या ट्राममध्ये डोक्यावर नवी जाहिरात लटकत होती. मे महिन्यात याच रुळांच्या कडेला गुलाब फुलतात, त्याची. साकुरा अजून धड गळला नव्हता. आईला जपानी येत नाही, पण चित्र कळलं. बराच वेळ मान वर करून बघत होती.

"गुलाबाला तरी वास असेल," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "विमानाची तारीख पुढे ढकलायला किती पैसे घेतात गं?"