कस लागतो तो चार बोटांच्या पट्ट्यात: रंगक्षेत्राच्या प्रिंटची पुढची नोंद

मूळ चित्र पूर्ण झालंय आणि गाडी आता प्रिंटवर आली आहे. चित्र रंगक्षेत्राचं (कलर फील्ड), म्हणजे आकृती नाही, रंगाचे मोठे सपाट भाग हेच चित्र. आकार उभा, रंग पातळ ॲक्रिलिक: वर विटकरी तांबडा, खाली गडद अल्ट्रामरिन निळा आणि मध्ये चार बोटं रुंदीचा पट्टा, जिथे तांबडा निळ्यात विरत जातो. वरवर पाहिलं तर रंग दोनच. पण चित्र आहे ते त्या चार बोटांत. तांबडा आधी जांभळट होतो, मग एक मळकट तपकिरी रेघ दिसते न दिसते, आणि तिच्या खाली निळा सुरू होतो. हा पट्टा जमला तर बाकीचं जमेल, म्हणून सगळ्या चाचण्या त्याच्यावरच लावल्या आहेत. अख्खं चित्र लहान करून छापण्याऐवजी एवढाच तुकडा पूर्ण आकारात छापून बघायचा.

अशा चित्राचा फोटो काढणं हे अर्धं काम. निसर्गचित्रात एका कोपऱ्यात उजेड कमी पडला तर तो झाडापानांत खपून जातो; सपाट तांबड्यात मात्र डाग होऊन दिसतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे, दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म (एकाच दिशेत कंप पावणारा उजेड पुढे जाऊ देणारी) आणि लेन्सवर तिच्या काटकोनात फिरवलेला पोलरायझर, अशी मांडणी केली. ॲक्रिलिकची चकाकी गेली आणि निळ्याची खोली कळली. मग चित्र बाजूला करून त्याच जागी, त्याच उजेडात कोऱ्या पांढऱ्या कागदाचाही फोटो घेतला. त्यावरून मधल्या आणि कडेच्या उजेडातला फरक सॉफ्टवेअरमध्ये भरून काढता येतो. ही पायरी कोणीही गाळू नये.

फाइल सुरुवातीपासून १६ बिटमध्ये आहे; बिट जितके जास्त, तितक्या रंगाच्या पायऱ्या बारीक. ८ बिटमध्ये प्रत्येक चॅनेलला (लाल, हिरवा, निळा) २५६ पायऱ्या मिळतात. एरवी त्या पुरतात, पण हळूहळू विरणारा रंग मोठ्या आकारात ताणला की पट्टेपट्टे दिसू लागतात. तरीही जांभळट भागात किंचित पट्टी जाणवत होती. तिथे बारीक ग्रेन (रवाळ ठिपके) मिसळला आणि ती मोडली. जवळून पाहिलं तरी तो ग्रेन कॅनव्हासच्या विणीचाच भाग वाटतो.

कागद सुती, मॅट, आणि चमक आणणारी रसायनं नसलेला घेतला. कारण चित्राच्या जातीत आहे. अमेरिकन चित्रकार हेलन फ्रँकेनथेलरने १९५२ साली पातळ केलेला तैलरंग बिनअस्तराच्या कॅनव्हासवर ओतून तो कापडात मुरू दिला. माझं कामही त्याच वाटेचं, रंग धाग्यात शिरलेला. त्याला चकचकीत कागद शोभत नाही. (चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनी रोलर आणि पॅलेट नाइफने थरांवर थर चढवून जे पृष्ठभाग घडवले, ते प्रिंटमध्ये अर्धेच उतरतात असं मला वाटतं. तिथे मूळ चित्रासमोरच उभं राहायला हवं.)

मॅट कागदाची किंमत निळ्यात मोजावी लागते. गडद अल्ट्रामरिन या कागद-शाईच्या आवाक्याबाहेर जातो, आणि सॉफ्ट प्रूफ (छपाई कशी दिसेल याची पडद्यावरची नक्कल) लावलं की पडद्यावरच तो करडट होतो. आवाक्याबाहेरचे रंग आत कसे बसवायचे याच्या दोन रीती तपासल्या. रिलेटिव्ह कलरिमेट्रिकमध्ये आवाक्याबाहेरच्या सगळ्या छटा एकाच काठावर येऊन थांबल्या आणि खालचा भाग सपाट झाला. परसेप्च्युअलमध्ये निळा थोडा उतरला, पण छटांमधलं अंतर टिकलं. मी परसेप्च्युअल ठेवलं आणि पुढे तांबडाही जरा उतरवला. चित्रकार जोसेफ आल्बर्स १९५० पासून अखेरपर्यंत चौकोनात चौकोन रंगवत राहिला. तिथे दिसतं की रंग शेजाऱ्यावर ठरतो. मूळ निळ्याशी आकडे जुळवत बसण्यापेक्षा दोन रंगांमधला ताण जुळवणं मला जास्त मोलाचं वाटतं. तांबडा उतरवल्यावर तीच निळी शाई डोळ्याला खोल दिसू लागली, आणि ती तपकिरी रेघही परत आली.

ओली प्रिंट बघून निर्णय घेत नाही. एक दिवस वाळू देतो, मग ५००० केल्विनच्या (दिवसासारख्या पांढऱ्या) उजेडात बघतो आणि मग घरातल्या पिवळ्या दिव्याखाली. पिवळ्या उजेडात तांबडा पुढे येतो आणि निळा काळपट होतो. प्रिंट घरात लागणार असेल तर शेवटचा कौल त्या खोलीतल्या दिव्याचाच घ्यावा.

शाई पिगमेंटचीच, म्हणजे बारीक रंगकणांची, कारण ती जास्त टिकते. रंगक्षेत्राचा अमेरिकन चित्रकार मार्क रोथको याने हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेली भव्य चित्रं १९६४ मध्ये खिडक्यांच्या खोलीत लागली आणि त्यांतला लिथॉल रेड हा तांबडा उन्हाने उडाला. २०१४ मध्ये ती पुन्हा दाखवताना उडालेला रंग प्रोजेक्टरच्या उजेडाने भरून काढावा लागला. तांबड्यावर उभं असलेलं चित्र समोरासमोर ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नये, मग शाई कितीही टिकाऊ असो.

आता आकार. लहान प्रिंटमध्ये हे चित्र रंगांच्या नमुन्याची पट्टी वाटतं. ६० सेंटिमीटर रुंदीपासून पुढे ते अंगावर येऊ लागतं. पुढची छपाई त्याच मापाची, चारही बाजूंनी कोरी पांढरी कड सोडून. चौकटीत काचेऐवजी प्रतिबिंब कमी करणारं ॲक्रिलिकचं पारदर्शक पान घालणार आहे, आणि ते प्रिंटला चिकटू नये म्हणून मध्ये आम्लरहित माउंट (जाड पुठ्ठ्याची कड).