सजीव-निर्जीव

मंगळवार, रात्री साडेदहा

आज टाचणात, म्हणजे रोजच्या तासांच्या आखणीत, होता तसा पहिला तास झालाच नाही. वजाबाकी तशीच राहिली.

परिपाठात २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून संविधानाची उद्देशिका आली, २०२३ ला राज्यगीत आलं. दोन्ही यायलाच हवी होती, पण दर वेळी शेवटचं मिनिटभराचं मौन थोडं आखडलं. मैदानावरचं मौन म्हणजे तसाही मागच्या रांगेने पुढच्या रांगेला चिमटे काढायचा वेळ. म्हणून जूनपासून माझ्या तिसरीपुरतं ते मी वर्गात आणलं. बाकावर बसून डोळे मिटायचे आणि नंतर एवढंच सांगायचं, काय ऐकू आलं?

पहिले काही आठवडे सगळे म्हणायचे, "शांतता, बाई." बाईंना काय आवडतं ते पोरांना बरोबर कळतं! मग हळूहळू खरं यायला लागलं. लोकलचा भोंगा. कोपिनेश्वराची घंटा. "पंखा तीनदा टक् करतो, मग थांबतो." "माझ्या पोटात पाणी फिरलं."

आज वर्गातला एक मुलगा बऱ्याच दिवसांनी बोलला. आजोबांचं तेरावं आटोपून गेल्या आठवड्यात परत आलाय. तेव्हापासून डबा निम्मा घरी जातो.

"आजोबांचा फोन वाजला."

दोघं-तिघं हसले. तो म्हणाला, "खरंच. आजी रोज रात्री त्यांचा फोन चार्जिंगला लावते. फोन चालूए, मग आजोबाच कसे बंद झाले?"

आणि माझ्या तोंडून गेलं, "अरे, ते देवाघरी गेलेत."

दुसऱ्या बाकावरून लगेच आवाज आला, "आमच्यात कबरीत ठेवतात. माझ्या नानांना ठेवलं. आम्ही माती टाकली." मग वर्ग सुटलाच. कोणी म्हणे कुठ्ठे जात नाहीत, जवाहरबागेत जाळतात, मी गेटपर्यंत गेलो होतो. एकीच्या घरी पिंड नसतं. सगळे पांढरे कपडे घालतात आणि बुद्धवंदना म्हणतात. एकीच्या आजोबांच्या पिंडाला कावळा शिवेचना. शेवटी पप्पा मोठ्यानं म्हणाले, "मी दारू सोडतो", तेव्हा कुठे शिवला. (हे घरातलं आहे, वर्गाबाहेर न्यायचं नाही, असं मी सांगितलं. पोरं नेतील की नाही, देव जाणे.)

मी खुर्ची सोडून त्याच्या बाकावर जाऊन बसले. आमची शाळा अनुदानित. घटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणे पालकांच्या संमतीवाचून कोणत्याही मुलाला धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही. स्टाफरूममध्ये हे कलम मीच सगळ्यांना ऐकवत असते. आणि आज मीच एका वाक्यात बत्तीस पोरांना देवाघरचा पत्ता देऊन मोकळी झाले. तेही श्रद्धेपोटी नाही, विषय मिटावा म्हणून. लाज वाटली ती त्याची.

मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं आम्हाला पाठ आहेत. त्यात नीटनेटकेपणा आहे, वक्तशीरपणा आहे. पण आठ वर्षांच्या पोराला पडलेला असला प्रश्न कोणत्या मूल्याखाली घालायचा? संवेदनशीलतेखाली घालता येईल कदाचित, पण मग त्याचा तक्ता होतो, तक्त्याला चमकी लागते आणि तपासणीच्या दिवशी तो भिंतीवर जातो.

काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं, "फोन वाजतो कसा रे?"

त्याने गुणगुणून दाखवलं. बासरीची धून, मध्येच तुटणारी. या वेळी कोणी हसलं नाही.

"बाई, ते कुठे गेले, तुम्हाला माहितीये?"

"नाही रे."

"मोठ्या बाईंना?"

"त्यांनाही नसेल."

त्याने मान हलवली, जणू हिशेब जुळला. मधल्या सुट्टीत मी मुद्दाम लांबून बघितलं. पोळी-भाजी संपली होती, आणि शेजारच्याच्या डब्यातल्या शंकरपाळ्यांवर हात चालू होता.

दारातून मोठ्या बाई मगाशी डोकावून गेल्या होत्या. "आज गणित नाही वाटतं?" एवढंच म्हणाल्या. उद्या टाचण सहीला द्यायचंय. बराच वेळ पेन हातात धरून बसले. मग पहिल्या तासासमोर लिहिलं : परिसर अभ्यास. सजीव-निर्जीव, उजळणी.