अठरा भागांचा चौकोन: वराहमिहिराच्या गंधयुक्तीवर नाक कसं तयार करावं

वराहमिहिर म्हटलं की ज्योतिष आठवतं. पण सहाव्या शतकात उज्जैनच्या या पंडिताने बृहत्संहितेत 'गंधयुक्ति' नावाचा एक अख्खा अध्याय लिहून ठेवलाय. केसांचा कलप, स्नानाचं सुगंधी पाणी, धूप, कपड्यांना वास देणं असं सगळं त्यात आहे. त्यातला सगळ्यात डोकेबाज भाग म्हणजे सोळा घरांचा चौकोन, त्याच्या शब्दांत 'कच्छपुट'. प्रत्येक घरात एक द्रव्य आणि त्याचे किती भाग घ्यायचे तो आकडा. आजच्या बाजारातली नावं घालून तो असा दिसतो:

अगर २ | तमालपत्र ३ | शिलारस ५ | दगडफूल ८
गव्हला ५ | नागरमोथा ८ | हिराबोळ २ | वाळा ३
स्पृक्का ४ | दालचिनी १ | तगर ७ | जटामांसी ६
चंदन ७ | नख ६ | श्रीवास ४ | कुंदुरू १

कुठलीही आडवी ओळ घ्या, उभी घ्या, कर्ण घ्या, शेजारशेजारची दोन-बाय-दोन अशी चार घरं घ्या, चार कोपरे घ्या. बेरीज १८च येते. अशा चार-चार द्रव्यांच्या सुगंधांना वराहमिहिर 'सर्वतोभद्र' म्हणतो, म्हणजे सगळीकडून शुभ. सोळातून कुठलीही चार द्रव्यं निवडण्याच्या १,८२० तऱ्हा होतात, हेही तो सांगतो.

गणितवाल्यांनी या चौकोनावर पुष्कळ लिहिलंय. माझ्या मते त्याचा खरा उपयोग नाकाला आहे. एकूण वजन कायम ठेवायचं, चारातली दोन द्रव्यं तशीच ठेवायची, उरलेली दोन बदलायची आणि काय बदललं ते नाकाने ओळखायचं. अत्तरं घडवणारी माणसं आजही याच शिस्तीने शिकतात: थोडे वास, मोजून, नाव लक्षात ठेवून, पुन्हा पुन्हा. सर्दी-तापानंतर वास गेलेल्या माणसाला कानाचे-नाकाचे डॉक्टर जो व्यायाम देतात, तोही याच जातीचा.

या सोळातली बरीचशी द्रव्यं मराठी घरात आजही आहेत. दगडफूल, तमालपत्र आणि दालचिनी गोड्या मसाल्यात. गव्हला, नागरमोथा, वाळा, जटामांसी आणि चंदन दिवाळीच्या उटण्यात. त्यामुळे काष्ठौषधीच्या दुकानात एक फेरी मारली तरी निम्म्याहून जास्त चौकोन हाती लागतो. मात्र काही ठिकाणी हमखास फसगत होते. बोळ मागताना 'हिराबोळ' असं स्पष्ट म्हणा. 'काळा बोळ' म्हणजे कोरफडीचा आटवलेला रस, त्याचा इथे काही उपयोग नाही. तगर म्हणजे तगर-गंठोडा, ती गाठाळ मुळी. अंगणातल्या पांढऱ्या फुलाच्या तगरीशी तिचा संबंध नाही. वराहमिहिराच्या यादीत गव्हल्याच्या घरात 'प्रियंगू' आहे; प्रियंगू म्हणून आपल्याकडे गव्हला मिळतो, तोच धरायचा. स्पृक्का म्हणजे नेमकी कुठली वनस्पती यावर जाणकारांचं एकमत नाही, तेव्हा ते घर सोडून द्या. नख हे समुद्री शंखाच्या तोंडावरचं झाकण. तेही वगळलं तर बिघडत नाही. कुंदुरूच्या जागी सालईचा डिंक चालतो. अगराच्या नावाखाली तेलात बुडवून काळं केलेलं साधं लाकूड सर्रास विकलं जातं. चिमूटभर भुसा कोमट वाटीवर टाकून पाहा: पहिल्या मिनिटाला भपकन वास आला आणि दहाव्या मिनिटाला नुसतं लाकूड उरलं, तर तो माल घेऊ नका.

सुरुवातीला या दोन चौकड्या कराव्यात. पहिली दुसरी आडवी ओळ: गव्हला ५, नागरमोथा ८, हिराबोळ २, वाळा ३. दुसरी डावीकडची वरची चार घरं: अगर २, तमालपत्र ३, गव्हला ५, नागरमोथा ८. दोन्हींत गव्हला आणि नागरमोथा मिळून १३ भाग तेच राहतात, फक्त ५ भाग बदलतात. शिकायला याहून चांगली जोडी या चौकोनात मला दिसत नाही.

एक भाग म्हणजे ५ ग्रॅम धरा, म्हणजे प्रत्येक मिश्रण ९० ग्रॅम होईल. एक भाग १ ग्रॅम धरला तर घरगुती काट्यावरची अर्ध्या ग्रॅमची चूकसुद्धा बोळाच्या दोन भागांत चौथाईची चूक ठरते. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा असेल तर उत्तम.

आता दळण. नागरमोथ्याचे कंद दगडासारखे असतात. सरळ मिक्सरला लावले तर पातं बोथट होतं आणि भांडं तापतं. म्हणून आधी खलबत्त्यात भरड करून घ्या. कंद फोडताना आत भोकं आणि पीठ दिसलं तर कीड लागलीये, टाकून द्या. वाळ्याच्या मुळ्या कात्रीने अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे होतील अशा कापा, नाहीतर त्या पात्याभोवती गुंडाळल्या जातात. गव्हला तेलकट असतो. एकटा दळला की त्याचा लगदा होतो, म्हणून नागरमोथ्याच्या तयार चूर्णातलं थोडं मोजून त्याच्यासोबत दळायचं. हिराबोळ उन्हाळ्यात चिकट होतो. तासभर फ्रीझरमध्ये ठेवून मग कुटा, आणि हात थांबवू नका, कारण खोलीतल्या उबेने तो पुन्हा मऊ पडतो. मिक्सर दहा-दहा सेकंदच फिरवायचा, मधे भांडं निवू द्यायचं. भांड्याला हात लावून ऊब जाणवली तर वरचे हलके वास तेवढ्यात उडाले म्हणून समजा. तमालपत्राचं तर सगळं भांडवलच या हलक्या वासांत असतं, ते सगळ्यात शेवटी दळा.

यानंतर वस्त्रगाळ करायचं, आणि नवशिक्यांचं प्रमाण बहुतेक इथेच बिघडतं. वाळ्याच्या धाग्यांचा मोठा वाटा मलमलच्या वर राहतो. आधी तोलून मग गाळलं तर तीन भागांचा वाळा दोनावरही येऊ शकतो. म्हणून प्रत्येक द्रव्य वेगळं दळा, वेगळं गाळा आणि गाळल्यावरच तोला. (गव्हल्यात मिसळलेला नागरमोथा त्याच्या हिशेबातून वजा करायला विसरू नका.) मिसळताना सगळं एकदम ओतू नये. सगळ्यात कमी भागाचं द्रव्य घ्या, त्यात तेवढंच दुसरं खला, मग त्या दोघांच्या वजनाइतकं पुढचं. असं दुपटीने वाढवत गेलं की बोळाचे खडे एका कोपऱ्यात राहत नाहीत.

काचेच्या बरणीत पाऊण भरून, अंधारात दोन आठवडे ठेवा. ताज्या मिश्रणात चारही वास सुटे सुटे येतात, पंधरवड्याने ते एकमेकांत मुरतात. हे काम फेब्रुवारी ते मे या महिन्यांत उरकावं. पावसाळी हवेत चूर्ण ओल धरतं आणि बुरशी येते. गव्हल्याचं तेल खवट होतं, तेव्हा दोनेक महिन्यांत मिश्रण वापरून टाका. हे चूर्ण हुंगण्यासाठी आणि धुपासाठी आहे. उटण्यासारखं अंगाला लावू नका; चौकोनातली दालचिनी आणि राळेची द्रव्यं कातडीला झोंबू शकतात. धूप करायचा तर निखाऱ्यावर राखेचा जाड थर द्या आणि त्यावर चिमूट ठेवा. थेट निखाऱ्यावर टाकलं की सगळ्या मिश्रणांना एकच जळका वास येतो. घरात दमेकरी असेल तर धूर टाळून फक्त हुंगण्यावर भागवा.

हुंगण्याची पद्धत. अर्धा ग्रॅम चूर्ण छोट्या स्टीलच्या वाटीत घ्या आणि ती वाटी कोमट पाण्यावर तरंगत ठेवा. नाक दोन-तीन सेंटिमीटरवर. एक लांब श्वास ओढण्याऐवजी तीन छोटे हुंगे घ्या, मग अर्धा मिनिट थांबा. नाक एका वासाला चटकन सरावतं आणि मग तो वास नाहीच असं वाटतं. लांब श्वासाने हे आणखी लवकर होतं. दुकानदार मधे कॉफीचे दाणे हुंगायला देतात, त्याचा साध्या हवेपेक्षा जास्त उपयोग होत नाही. स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घेतला तरी पुरे. सुरुवातीला, पंधरा मिनिटांनी, तासाने आणि दुसऱ्या दिवशी अशा चार वेळा नोंद करा, आणि चिठ्ठीवरचं नाव वाचायच्या आधी जे सुचेल ते लिहा. 'छान' किंवा 'उग्र' असं लिहून काही हाती लागत नाही. 'ओली माती', 'कडू बदाम', 'जुन्या कपाटाचं लाकूड' असं लिहा.

खरी परीक्षा आंधळी हवी. घरातल्या कुणाला तरी तीन वाट्या मांडायला सांगा: दोन एका मिश्रणाच्या, एक दुसऱ्याची. तुम्ही वेगळी ओळखायची. नुसत्या अंदाजानेही तीनातून एकदा बरोबर येतं, म्हणून सहा फेऱ्या करा. सहापैकी पाच बरोबर आल्या तरच नाकाला फरक कळतोय असं माना.

ही जोडी जमली की चौथ्या उभ्या ओळीकडे वळा: दगडफूल ८, वाळा ३, जटामांसी ६, कुंदुरू १. मला ही संपूर्ण चौकोनातली सर्वांत धाडसी चौकडी वाटते. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ मिळून झाडावर-दगडावर वाढणारं लायकेन, आणि युरोपातल्या अत्तरकलेचा एक मोठा प्रवाह ओकच्या झाडावरच्या अशाच दगडफुलावर उभा आहे. १९१७ साली फ्रांस्वा कोतीने 'शिप्र' नावाचं अत्तर आणलं आणि त्या नावाने अत्तरांचं एक घराणंच ओळखलं जाऊ लागलं. सावलीतली ओल, किंचित खारट, किंचित कडवट असा तो तळ वराहमिहिराकडे आठ भागांनी हजर आहे. इथे घात होतो तो जटामांसीने. जुनी, दमट ठिकाणी राहिलेली जटामांसी घामट मोज्यांसारखी येते आणि सहा भागांत बाकी तिघांना गिळते. विकत घेताना मूळ मोडून वास घ्या. मातकट-गोडसर असेल तरच घ्या.

मिश्रणाला शेवटी 'बोध' द्यायचा असं वराहमिहिर सांगतो, म्हणजे जायफळ, कापूर आणि कस्तुरीने ते जागं करायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कस्तुरीमृगाला संरक्षण आहे, तेव्हा तो विषयच नको. कस्तुरीभेंडीचं बी चेचून घातलं की त्या अंगाचा वास बराच मिळतो. कापूर अगदी शेवटी आणि ९० ग्रॅमला अर्धा ग्रॅमसुद्धा भरपूर. तो साध्या हवेतही उडतो, म्हणून झाकण घट्ट हवं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा 'गंधसार' आणि 'गंधवाद' ही हस्तलिखितं अभ्यासकांसमोर आणली. त्यातही भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन अशा क्रिया येतात. 'गंधवादा'वर तर मराठी टीका (विवरण) आहे, आणि ती मराठी वाचकाने वाचायलाच हवी.

आता ज्यांचा वास गेलाय त्यांच्यासाठी. त्यांनी चौकोनापासून सुरुवात करू नये. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेली पद्धत सोपी आहे: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास, सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. चार तपकिरी काचेच्या बाटल्यांत कापूस घालून प्रत्येकी मिलिलिटरभर तेल टाका, नाव लिहा, प्रत्येक बाटली पंधरा-वीस सेकंद हुंगा आणि तेवढा वेळ तो वास कसा होता ते आठवा. लिंबाचं तेल सगळ्यात आधी बिघडतं; त्याला रंगाच्या डब्यासारखा वास यायला लागला की बदला. १२ आठवड्यांनी चार नवे वास घेतले तर उत्तम.

यात एक गोष्ट फार जणांना चकवते. निलगिरी, पुदिना आणि कापूर यांचा गारवा-झणझणाट घ्राणेंद्रियाकडून येत नाही, चेहऱ्याच्या स्पर्शाच्या नसेकडून येतो. 'निलगिरी कळली' म्हणून आनंद होतो आणि प्रत्यक्षात फक्त गारवा कळलेला असतो. प्रगती गुलाबावर मोजा, कारण त्यात झोंबणारं काही नाही. मधल्या काळात कॉफी, कांदा, लसूण यांचा वास सडका यायला लागला तर घाबरू नका. घ्राणपेशी नव्याने वाढताना जोडण्या चुकतात, आणि व्यायाम चालू ठेवायचा असतो. पण वास एकाच नाकपुडीचा गेला असेल, डोक्याला मार लागल्यावर गेला असेल, किंवा सर्दीशिवाय हळूहळू कमी होत असेल, तर बाटल्या बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

आणि तोवर घरात गॅसचा अलार्म बसवाच. गळती कळावी म्हणून सिलिंडरच्या गॅसमध्ये इथिल मर्कॅप्टन मिसळलेलं असतं, पण ते नाकालाच कळतं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून अलार्म जमिनीपासून फूटभरावर. पाइपचा गॅस हलका, म्हणून तो छताजवळ. उरलेल्या भाजीच्या डब्यावर तारीख लिहा, आणि दूध तापवण्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी नाकाखाली धरा.