आमची वाटचाल : भोपळ्यावर वाढलेले भुंगेरे

रत्नागिरी तालुक्यातील आमच्या घराच्या पडवीत क्रिप्टोलेमस भुंगेऱ्यांची, म्हणजे झाडांचा रस शोषणारी पिठ्या ढेकूण ही पांढरी कीड खाऊन फस्त करणाऱ्या मित्रकिड्यांची, बागायतदारांना विकण्यासाठी पैदास सुरू केली, तेव्हा चाळीस लाल भोपळे, कापड ताणलेले सहा लाकडी पिंजरे आणि एक हातभिंग एवढेच आमचे भांडवल होते. देठासह निवडलेला भोपळा बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून सुकवायचा, त्याच्या जखमा पॅरॅफिन मेणाने बुजवायच्या, त्यावर पिठ्या ढेकणाची पिल्ले चढवायची आणि भोपळा पांढरा झाला की भुंगेरे सोडायचे, ही सारी कामे आम्ही आजही हातानेच करतो. नारिंगी डोक्याचा तो इवलासा भुंगेरा काचेच्या नळीने अलगद ओढून घेणे माझ्या पत्नीइतके कोणालाच साधले नाही.

तिसऱ्या वर्षी एका कीटकनाशक विक्रेत्याने बागाबागांतून सांगितले की आम्ही परदेशी कीड विकतो. हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा खरा, पण तो 1898 पासून आपल्या देशात आहे. त्याच्या अळीच्या अंगावर मेणाचे पांढरे तंतू असतात आणि ती पिठ्या ढेकणासारखीच दिसते, त्यामुळे लोकांना ते पटले. काहींनी आमच्या अळ्यांवरच फवारण्या केल्या. मागणी थांबली, भोपळ्यांवरचे ढेकूण संपले आणि उपाशी भुंगेरे स्वतःचीच अंडी खाऊ लागले. ते पिंजरे पाहवत नसत.

त्या वेळी पावसचे अप्पा आले. त्यांनी कलमाच्या फांदीवरच्या अळीला हिराच्या काडीने डिवचले. ती तुरुतुरु पळाली, शेजारचा ढेकूण मात्र जेमतेम हलला. चार शेजाऱ्यांना बोलावून त्यांनी ते पुन्हा करून दाखवले आणि उरलेला सगळा माल रोख पैसे देऊन स्वतःच्या हापूसच्या बागेसाठी नेला. त्यानंतरची वर्षे सुरळीत गेली. त्या विक्रेत्याने मात्र आपले शब्द आजवर मागे घेतलेले नाहीत आणि ते माझ्या मनातूनही गेलेले नाहीत.

बागायतदारांना एक आवर्जून सांगतो. भुंगेरे नेण्याआधी कलमांवरच्या मुंग्या पाहा. ढेकणांच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्यांची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना हुसकावतात. म्हणून आधी खोडाला प्लास्टिकची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस लावा, जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, आणि मगच डबा उघडा, तोही संध्याकाळी.