चंद्री कुठंय?

दुपारचं जेवण झालं की कामाला लागण्याआधी मी थोडा वेळ आमच्या सर्व्हरची नुसती यादी बघते. आमच्या भाषेत त्यांना नोड म्हणतात. टर्मिनल उघडायचं, ‘क्यूबकटल गेट नोड्स’ टाकायचं, एंटर. (सर्व्हरांचा ताफा सांभाळणाऱ्या कुबरनेटिस या प्रणालीची ही कमांड. तिला क्यूबकटल म्हणायचं, क्यूबकंट्रोल म्हणायचं की क्यूब-सीटीएल, यावर आमच्या टीममध्ये तीन पक्ष आहेत आणि युतीची चिन्हं नाहीत.) नाव, स्टेटस, रोल, वय, व्हर्जन असे पाच रकाने येतात. सगळ्यांपुढे ‘रेडी’ दिसलं की जेवणाची सुस्ती दहा मिनिटं तरी निर्धास्तपणे उपभोगता येते.

परवा याच वेळेला टीममधल्या नव्या मुलाला म्हटलं, चालू नोड किती आहेत बघ रे जरा. त्यानं यादी काढली, पाइप टाकून ती ग्रेपकडे, म्हणजे हवी ती अक्षरं असलेल्या ओळी तेवढ्या वेचून देणाऱ्या कमांडकडे, सोपवली, तिला ‘रेडी’ शोधायला लावलं आणि म्हणाला, मॅम, सगळेच चालू आहेत. दोन तर माझ्या डोळ्यांसमोर लोळत होते. पण ग्रेप अक्षरं बघतो, अर्थाशी त्याला देणंघेणं नाही. ‘नॉटरेडी’च्या पोटात ‘रेडी’ असतंच, त्यामुळे आजारी आणि धडधाकट सगळे एकाच रांगेत उभे. शिवाय रकान्यांच्या मथळ्याची ओळ ग्रेपनं गिळली होती ती वेगळीच. डॅश डब्ल्यू लाव, म्हणजे आख्खा शब्द जुळला तरच धरेल, एवढंच मी म्हणाले. केन थॉम्प्सन यांचं हे ग्रेप 1973 च्या आसपास युनिक्समध्ये आलं. तेव्हापासून किती मेलेले सर्व्हर असे जिवंत मोजले गेले असतील कोण जाणे.

तरीही मला डॅशबोर्डपेक्षा हेच बरं वाटतं. डॅशबोर्डवर हिरवे गोल असतात, आलेख असतात, मोठ्या साहेबांना मीटिंगमध्ये दाखवायला ते छानच. पण तिथे दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं की मला काय बघायचंय. कमांड लाइनवर प्रश्न माझा मीच विचारते. नोडवर आपण लेबलं चिकटवलेली असतात, डब्यावर चिठ्ठी लावावी तशी. कमांडला छोटा एल दिला की लेबल जुळणारे तेवढे नोड उरतात. मोठा एल दिला की कुणी गाळलं जात नाही, फक्त त्या लेबलाचा एक जादा रकाना शेजारी उभा राहतो. आणि लेबलाच्या आधी उद्गारचिन्ह टाकलं की ज्यांच्यावर ते लेबलच नाही असे सगळे बाहेर येतात. उद्गारचिन्ह एकेरी अवतरणात ठेवायचं, नाहीतर टर्मिनलमध्ये आपलं टायपिंग वाचणारी बॅश त्याचा भलताच अर्थ लावते. ‘उद्गार ओनर’ हा माझा आवडता प्रश्न. ज्यांना मालक नाही ते पुढे या! दरवेळी चार-दोन येतातच. बिल मात्र त्यांचंही येतं.

पूर्वी असं नव्हतं. माझ्या पहिल्या ऑफिसात सर्व्हरना किल्ल्यांची नावं होती. पुण्यातलं ऑफिस, दुसरं काय असणार! राजगडावर डेटाबेस, तोरण्यावर मेल, सिंहगडावर बॅकअप. ‘तोरणा पडला’ असं कुणी ओरडलं की चहा तसाच टाकून लोक पळायचे. एकदा सिंहगड रात्रभराच्या खटपटीनंतर उठला, पण त्याची मुख्य डिस्क कायमची गेली होती. सकाळी आमच्या सीनियरनं फळ्यावर लिहिलं, ‘गड आला, पण डिस्क गेली.’ संगणकाला नाव कसं द्यावं यावर डॉन लिब्स यांनी 1990 मध्ये लिहिलेलं एक टिपण आहे, आरएफसी 1178. स्वतःचं नाव देऊ नका, प्रोजेक्टचं देऊ नका, एखादा विषय धरून त्यातली नावं द्या, असं त्यात अगदी बारशाला आलेल्या आत्याच्या थाटात सांगितलंय. आमच्या सीनियरनं ते वाचलं होतं की नाही माहीत नाही, पण किल्ले त्यात चपखल बसत होते.

मग क्लाउड आला आणि नावं गेली. आता आय, डॅश आणि पुढे सतरा आकडे-अक्षरांची माळ. त्यामागचं तत्त्वज्ञान आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतं. सर्व्हरला लाडक्या कुत्र्या-मांजरासारखं वागवू नका, गुराढोरांसारखं वागवा. लाडक्याला नाव असतं, तो आजारी पडला की आपण उशाशी बसतो. गुरांना नंबर असतो, आजारी पडलं की काढायचं, दुसरं आणायचं. ही मांडणी बिल बेकर यांची म्हणतात, आणि 2012 च्या सुमारास रँडी बायस यांनी ती सगळीकडे पोचवली. कॉन्फरन्समध्ये पहिल्यांदा ऐकली तेव्हा सभागृहात सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मनात म्हटलं, या माणसांनी कुणाची गुरं बघितलीत?

माझं आजोळ माण तालुक्यात. दावणीला खिल्लार जनावरं, आणि नाव नाही असं त्यात एकही नाही. सर्जा, राजा, हरणी, चंद्री, आणि पावशेर दूध देऊन शेरभर लाथा मारणारी गंगी. बेंदराला शिंगं रंगवून, झूल घालून, आधी त्यांना पुरणपोळीचा घास आणि मग आम्हाला. तिन्हीसांजेला गुरं रानातून परत यायची तेव्हा आजोबा गोठ्याच्या दारात उभे असायचे. त्यांना कधी मोजताना मी बघितलं नाही. ओठही हलायचे नाहीत. धुळीतून जनावरं आत शिरायची, जो तो आपापल्या खुंट्यापाशी जाऊन उभा, आणि आजोबा मागे वळून गुराख्याला विचारायचे, “चंद्री कुठंय?” चंद्री कुणाच्या तरी हरभऱ्यात असायची. मला फार नवल वाटायचं. मी पुन्हापुन्हा मोजायची, माझा आकडा दरवेळी वेगळा. आजोबा जनावरं बघतच नव्हते, ते खुंटे बघत होते, हे कळायला मला नोकरी लागावी लागली.

आमच्या यादीत खुंटे नाहीत, ही माझी तक्रार आहे. नोड नुसता आजारी असला तर ठीक. त्याच्याकडून हालहवाल येणं थांबलं की मिनिटभराच्या आत त्याच्यापुढे ‘नॉटरेडी’ लागतं. पण खालचं मशीनच क्लाउडमधून काढून टाकलं गेलं की थोड्या वेळानं त्याची ओळच जाते. रात्री लोड उतरला, लोड बघून मशीन कमी-जास्त करणाऱ्या ऑटोस्केलरनं चार मशीन घालवली, सकाळी दुसरीच चार आणली. यादी आपली भरलेली आणि हिरवीगार. जे आहेत त्यांना मी हवं तसं चाळू शकते, झोन लावून, वय लावून, लेबल लावून. जे नाहीत त्यांना कुठलं फिल्टर लावायचं? त्या मानानं एका दमात अनेक सर्व्हरना हुकूम देणाऱ्या अन्सिबलची जुनी पद्धत मला घरची वाटते. मायकल डिहान यांनी 2012 मध्ये आणलेल्या या अवजारात यादी म्हणजे हातानं लिहिलेली साधी फाइल असायची, म्हणजे दावण आधी ठरलेली. त्या फाइलबरहुकूम हाक मारायची आणि जो ओ देणार नाही त्याच्यापुढे लाल अक्षरांत ‘अनरीचेबल’, वर उद्गारचिन्ह. चंद्री कुठंय, ते लगेच कळायचं. आता तीही यादी थेट क्लाउडला विचारून बनवतात. सोय आहे, नाही म्हणत नाही. हजारो मशीनची नावं कोण लिहीत बसणार?

गंमत म्हणजे तिकडे गावाकडेही नंबर आलेत. जनावराच्या कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडे. लसीकरण, रेतन, सगळ्याची नोंद त्या आकड्यांवर. मामाच्या गोठ्यात आता प्रत्येकीला नाव आहे आणि नंबरही. मामा नावानं हाक मारतो, डॉक्टर नंबर वाचतात, गाय दोघांकडे सारखंच दुर्लक्ष करते.

गेल्या उन्हाळ्यात त्याची एक गाय मेली. विमा होता. पण कानातला बिल्ला कधीतरी काटेरी कुंपणात अडकून तुटून पडला होता, आणि विम्याचा नियम असा की बिल्ला नाही तर पैसे नाहीत. मामानं फोटो दाखवले, सरपंचाचा दाखला दिला, आख्खी वस्ती साक्षीला उभी केली. पैसे मिळाले नाहीत.

फोनवर हे सगळं सांगून झाल्यावर त्यानं मला विचारलं, “तुमच्या त्या मशिनींचं असं हुतं का गं कधी?”

“होतं की. लेबल नसलं तर जातं एखादं मशीन.”

“मग काय करता?”

“काही नाही. दुसरं येतं, पाच मिनिटांत. आपोआप.”

“बरं हाय की मग,” मामा म्हणाला, आणि यंदा पाऊस कसा काय म्हणतोय त्यावर बोलायला लागला.